पांढऱ्या पट्ट्याची हौस आणि टायरचे मोल

हौसेला मोल नाही, असे आपल्याकडे म्हटले जाते. ज्याला मोल नाही त्याचा हिशेब मांडीत बसणे हा अरसिकपणा ठरेल. परंतु हौस श्रीमंताच्या वाड्यातून उतरून पगारदाराच्या घरी आली, की हिशेब मांडल्यावाचून गत्यंतर नसते. जुन्या मोटारींची हौस ही अशीच खाली उतरलेली हौस आहे. एके काळी ती संस्थानिकांची आणि गिरणीमालकांची मिरास होती. आज एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या इमारतीखाली ताडपत्रीने झाकून ठेवलेली वडिलांच्या वेळची फियाट, किंवा कारकुनी करून संसार केलेल्या गृहस्थाने भंगारात जाता जाता वाचविलेली ॲम्बॅसिडर, याही गाड्या ‘जुन्या मोटारी’ म्हणून मानाने ओळखल्या जाऊ लागल्या आहेत.

या बदलाला कायद्याचीही मान्यता मिळाली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी देण्याची सोय केली. नव्या नोंदणीस २०,००० आणि फेरनोंदणीस ५,००० रुपये शुल्क ठरले. अशी नोंदणी घेतलेली मोटार रोजच्या येण्याजाण्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणावयाची असते.

इंजिन दुरुस्त झाले, पत्र्याचे काम झाले, रंग चढला, की मालकाचे लक्ष चाकांकडे वळते. जुन्या छायाचित्रांतून आणि पन्नास-साठच्या दशकांतील चित्रपटांतून डोळ्यांत भरलेला तो टायरवरचा रुंद पांढरा पट्टा त्याला हवाहवासा वाटू लागतो. टायर पांढऱ्या पट्ट्याचे हवेत, पण परवडणारे हवेत, अशी त्याची मागणी असते. मागणी साधी दिसते; परंतु तिच्यातील ‘परवडणारे’ या शब्दाचा अर्थ नीट लावला नाही, तर पैसाही जातो आणि प्रसंगी जिवावरही बेतते.

काळा महाग, पांढरा स्वस्त

टायर काळा असावयाचा, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की तो कधी काळी काळा नव्हता, यावर चटकन विश्वास बसत नाही. रबराच्या चिकापासून बनविलेले रबर मुळात फिकट रंगाचे. त्याला बळकटी यावी म्हणून त्यात झिंक ऑक्साइड मिसळीत आणि त्यामुळे ते अधिकच पांढरे होई. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीचा, टायरांच्या चळतीचा बनलेला गुबगुबीत बाहुला १८९८ साली जाहिरातीत अवतरला. तो आजही पांढराच आहे. कारण त्याच्या जन्मकाळी टायर काळे नव्हते.

टायरला काळेपण आले ते कार्बन ब्लॅकमुळे. कार्बन ब्लॅक म्हणजे काजळीचेच कारखान्यात बनविलेले रूप. ती रबरात मिसळली असता रबराची ताकद आणि झीज सोसण्याची शक्ती कित्येक पटींनी वाढते, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ध्यानात आले आणि १९१० नंतर टायरच्या कारखान्यांनी ही युक्ती उचलली. उन्हापासूनही काजळी रबराचे रक्षण करते. परंतु आरंभी ती सर्वत्र वापरणे परवडेना. म्हणून जो भाग रस्त्याला घासतो तेवढाच काळ्या रबराचा करावयाचा आणि बाजू तशीच पांढरी ठेवावयाची, अशी काटकसर सुरू झाली. त्या काळी संपूर्ण काळा टायर हे ऐपतीचे लक्षण होते; पांढरी बाजू ही खर्च वाचविल्याची खूण होती.

पुढे काजळी स्वस्त झाली, सगळेच टायर काळे झाले आणि मग जे दुर्मिळ झाले त्याला प्रतिष्ठा आली. शिकागोच्या व्होग कंपनीने १९१४ पासूनच धनिकांच्या गाड्यांसाठी मुद्दाम पांढऱ्या बाजूचे टायर बनविण्यास आरंभ केला होता. १९३४ साली फोर्डने आपल्या ग्राहकांना असे टायर सव्वाअकरा डॉलर जादा आकारून देऊ केले. काटकसरीची खूण अशा रीतीने ऐश्वर्याची खूण झाली. वस्तू तीच, फिरली ती केवळ समाजाची दृष्टी.

पट्ट्याचा उदयास्त

दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेत हे टायर बाजारातून नाहीसे झाले. युद्ध संपल्यावरही पुरवठा लगेच सुरळीत झाला नाही. तेव्हा काही नव्या मोटारींच्या चाकांवर पांढऱ्या रंगाच्या कड्या बसवून पांढऱ्या टायरचा आभास निर्माण करण्यात आला. म्हणजे ‘खरा नाही तर खोटा, पण पट्टा हवा’ ही वृत्ती आजची नव्हे.

पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धात हा पट्टा सर्वांत मिरवला. अडीच-तीन इंच रुंदीचे ते पांढरे वर्तुळ शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत साऱ्या अमेरिकन मोटारींवर दिसे. मग तो आक्रसू लागला. १९५७ च्या कॅडिलॅक ‘एल्डोराडो ब्रूम’ या अतिशय महागड्या मोटारीवर तो अवघ्या इंचभर रुंदीचा झाला आणि १९६२ च्या सुमारास बहुतेक अमेरिकन मोटारींनी रुंद पट्टा टाकून हा अरुंद पट्टा स्वीकारला. सत्तरच्या दशकात बाजूवर पांढरी अक्षरे उमटविलेले टायर आले आणि पट्ट्याचे वैभव ओसरले.

हा इतिहास केवळ कुतूहलाचा विषय नाही. परवडण्याचे पहिले गणित त्यातच दडलेले आहे. अरुंद पट्ट्याचे रेडियल टायर साध्या मोटारींसाठी नंतरही मोठ्या संख्येने निघत राहिले. एकविसाव्या शतकातही काही कोरियन व अमेरिकन कंपन्यांनी ते बनविले. रुंद पट्ट्याचे टायर मात्र जुन्या मोटारींच्या हौशी मालकांसाठीच, थोड्या संख्येने निघतात. म्हणून ते कितीतरी महाग पडतात. १९६४ च्या मोटारीवर १९५४ चा रुंद पट्टा चढविणारा मालक जादा पैसे मोजून इतिहासाची चूक विकत घेत असतो. आपली मोटार कोणत्या वर्षाची आहे आणि त्या वर्षी पट्टा किती रुंद होता, एवढे पाहिले तरी पुष्कळ खर्च वाचू शकतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पांढरा पट्टा हा त्या वैभवाच्या काळातही बहुधा जादा किमतीचा अलंकारच होता. साधी मोटार घेणारा साधा माणूस काळेच टायर घेऊन घरी जात असे. तेव्हा जुन्या मोटारीचे काळे टायर म्हणजे काही उणीव राहिली, असे समजण्याचे कारण नाही. आपल्याकडील २०२१ च्या नियमांतही मूळ स्वरूपाचा विचार चासी, बॉडी आणि इंजिन यांच्या संदर्भात केलेला आहे. टायरवर पांढरा पट्टा हवा, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

पट्टा मिळविण्याच्या चार वाटा

तरीही हौस ती हौस. ती पुरवावयाची ठरविली, तर चार वाटा आहेत आणि त्यांच्या किमती उतरत्या आहेत.

पहिली वाट जुन्या साच्यांवर नव्याने बनविलेल्या टायरांची. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९५८ साली स्थापन झालेल्या कोकर टायर कंपनीने या व्यवसायात नाव मिळविले. अशा टायरात पट्टा वरून लावलेला नसतो. तो टायरच्या अंगचाच असतो. बाजूच्या रबरात काजळीऐवजी टायटॅनियम डायऑक्साइड घालून पांढरा थर बनवितात, त्यावर काळ्या रबराचा पातळ पापुद्रा देतात आणि टायर भट्टीतून निघाल्यावर तो पापुद्रा घासून काढतात, की आतला पांढरा पट्टा उघडा पडतो. काळ्या रबरातील तेलकट द्रव्ये पांढऱ्यात झिरपून तो पिवळट पडू नये, म्हणून मध्ये अडसराचा थरही घालावा लागतो. एवढे कष्ट आणि थोडा खप. साहजिकच किंमत चढी.

दुसरी वाट आधुनिक रेडियल टायरच्या बाजूवर पांढरे रबर व्हल्कनायझिंग करून जडविण्याची. हे काम जाणत्या कारखान्यात झाले, तर टायर आजच्या तंत्राचा आणि रूप मात्र जुने, असा दुहेरी लाभ होतो. परंतु कोपऱ्यावरच्या दुकानात बाजू खरवडून पांढरे रबर चिकटवून घेणे ही निराळी गोष्ट आहे. टायरची बाजू हा त्याचा सर्वांत पातळ आणि सर्वाधिक लवणारा भाग. तेथे किती खरवडावे हे न कळणाऱ्याच्या हाती टायर देणे धोक्याचे आहे.

तिसरी वाट सुट्या पांढऱ्या रबरी कड्यांची. टायर आणि रिम यांच्या फटीत ही कडी अडकवितात. किंमत अल्प, म्हणून मोह मोठा. परंतु चाक फिरू लागले की कडीखाली रेती आणि धूळ शिरते आणि ती टायरची बाजू घाशीत राहते. वेग वाढला की कडीची कड फडफडते. रेडियल टायरची बाजू अधिक लवचीक असल्याने तेथे ती धड बसतही नाही. उभ्या मोटारीला, फार तर प्रदर्शनाच्या मैदानापर्यंत सावकाश जाणाऱ्या मोटारीला ती चालेल. महामार्गावर ती नको. लावलीच, तर अधूनमधून काढून खालची बाजू तपासावी.

चौथी वाट रंगाची. साधा तैलरंग रबरावर टिकत नाही. टायर लवला की त्याला भेगा पडतात आणि रंगातील द्रावके रबराला अपाय करतात. रबरासाठी खास बनविलेला रंग त्यामानाने बरा; तोही पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. परंतु या वाटेचा एक गुण मान्य केला पाहिजे. योग्य रंग वापरला, तर टायरला इजा होत नाही आणि हौस फिटली की तो पुसट होऊ देता येतो.

टायर म्हातारा कधी होतो?

या चारही वाटांवर बहुतेक मालक किंमत विचारतात, रुंदी विचारतात. वय मात्र विचारीत नाहीत. वस्तुतः जुन्या मोटारीच्या बाबतीत तोच पहिला प्रश्न असावयास हवा. रोज धावणाऱ्या मोटारीचा टायर घासून गोटा होतो आणि तो बदलण्याची वेळ आली, हे कोणालाही दिसते. वर्षातून चार-पाचदा बाहेर पडणाऱ्या मोटारीचा टायर गोटा कधी होतच नाही. त्याची नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र आतून वठत जाते. हवेतील प्राणवायूने ते ताठर होते, बाजूंवर बारीक भेगा पडतात, थरांची पकड सुटू लागते. असा टायर उभ्या मोटारीखाली नव्यासारखा दिसतो आणि उन्हाळ्याच्या दुपारी वेग घेतल्यावर फुटतो.

टायरचे वय त्याच्या बाजूवरच कोरलेले असते. तेथील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. ‘३५२२’ याचा अर्थ २०२२ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आकडे चारऐवजी तीनच असतील, तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे, हे निश्चित समजावे. गोदामात पडून राहिलेला, कधीही न वापरलेला, खरा जुना, असे वर्णन करून कोणी तो स्वस्तात देऊ लागला, तर तो संग्रहालयात ठेवण्यासाठी घ्यावा, रस्त्यासाठी नव्हे. टायर पाच वर्षांचा झाल्यावर तो दरवर्षी तपासून घ्यावा आणि नक्षी कितीही चांगली दिसली, तरी दहा वर्षांनंतर वापरू नये, असा अनेक निर्मात्यांचा सल्ला आहे.

‘परवडणे’ या शब्दाचा खरा अर्थ येथे लागतो. जुन्या मोटारीचा टायर मैलांनी झिजत नाही, वर्षांनी झिजतो. तेव्हा त्याची किंमत किलोमीटरांनी न भागता वर्षांनी भागली पाहिजे. आठ वर्षे वयाचा टायर निम्म्या किमतीत मिळाला, तर तो स्वस्त नव्हे. त्याचे दोनच वर्षांचे आयुष्य आपण विकत घेतले. ताजा टायर पूर्ण किमतीत घेतला आणि दहा वर्षे वापरला, तर तोच वर्षाकाठी कमी खर्चाचा ठरतो. याच न्यायाने, मोटारीचे काम सुरू असतानाच टायर घेऊन ठेवू नयेत. डागडुजीला दोन वर्षांची चार वर्षे होतात आणि नवे टायर गॅरेजच्या कोपऱ्यात फुकट म्हातारे होतात. टायर ही अगदी शेवटची खरेदी असावी.

बचतीच्या इतरही वाटा आहेत. स्टेपनी डिकीत झाकलेली असेल, तर तिच्यावर पांढरा पट्टा नसला तरी काय बिघडते? माप आणि जात तीच ठेवून ती काळी घेतली, तर पट्ट्याचा पाचव्या टायरवरचा खर्च सरळ वाचतो. पांढऱ्या रबराचे संरक्षण म्हणून कारखान्यातून येणारा निळसर लेप टायर बसविताच पाण्याने धुऊन टाकावा आणि पुढे साबण, पाणी व ब्रश यांवर भागवावे. कडक रसायनांनी पट्टा क्षणभर उजळतो, पण रबर लवकर वठते.

आपल्याकडची अडचण

अमेरिकेतील मालकाला निवड तरी करता येते. १९५५ च्या शेव्हरोलेचे मूळ माप ६.७०-१५. या मापाचा तिरप्या धाग्यांचा जुन्या पद्धतीचा टायर त्याला मिळतो, किंवा त्याच्या जवळचा २०५/७५ आर १५ हा रेडियल घेता येतो. ज्याला मोटार चालवावयाची आहे त्याने रेडियल घ्यावा, ज्याला ती दाखवावयाची आहे त्याने जुन्या पद्धतीचा घ्यावा, असा साधा नियम सांगता येईल. रेडियलने मोटार सरळ धावते आणि ब्रेकही चांगले लागतात. मात्र सावकाश वळविताना स्टिअरिंग जड लागते आणि जुनी रिम सुस्थितीत आहे याची खात्री करून घ्यावी लागते. दोन्ही जातींची सरमिसळ करू नये, हा नियम तर निरपवाद मानावा.

आपल्याकडे फियाट ११०० आणि पुढील पद्मिनी यांचे माप ५.२०-१४, ॲम्बॅसिडरचे ५.९०-१५. यातील पहिला आकडा टायरची इंचांतील रुंदी, दुसरा रिमचा व्यास. या गाड्या रस्त्यावर शेकड्यांनी होत्या तोवर टायरही कोठेही मिळत. ॲम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. टॅक्सी गेली की तिच्या मापाच्या टायरचे गिऱ्हाईकही जाते. परदेशातून मागवावे, तर तेही सोपे नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या नव्या टायरांची आयात खुल्या यादीतून काढून निर्बंधित यादीत घातली. त्यावर जकात आणि जहाजाचे भाडे धरले, की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते.

अशा स्थितीत येथील मालकाने क्रम ठरवून घेतला पाहिजे. आधी योग्य माप. बाहेरचा व्यास मूळ टायरइतका असावा, वळताना चाक मडगार्डला लागू नये आणि भार पेलण्याची क्षमता कमी नसावी. मग वय. मग चारही टायर एका जातीचे. हे सारे जमल्यावर पैसे उरले, तर पट्टा. क्रम उलटा केला, पट्टा आधी पाहिला, की माप आणि वय या दोहोंत तडजोड सुरू होते. रॅलीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभी असलेली बघ्यांची मुले या तडजोडीची किंमत मोजणार नाहीत, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही.

कोणाची मोटार, कोणता इतिहास?

यावर कोणी म्हणेल की जुन्या मोटारीत शोभाच नसेल, तर उरले काय? शोभेला विरोध करण्याचे कारण नाही. पांढऱ्या पट्ट्याने मोटारीला येणारा डौल नाकारणे कोतेपणाचे होईल. परंतु जुनी मोटार सांभाळणे म्हणजे एका काळाची साक्ष सांभाळणे होय, आणि साक्ष खरी असली पाहिजे. एखाद्या महाराजांच्या कॅडिलॅकवर रुंद पांढरा पट्टा शोभतो, कारण तो तिच्या आयुष्याचा भाग होता. ज्या फियाटने आयुष्यभर काळ्या टायरांवर मुलांना शाळेत पोचविले आणि सुट्टीत कोकणात नेऊन आणले, तिच्या अंगावर हॉलिवूडचा दागिना चढविला म्हणजे तिचा मान वाढतो, ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. मध्यमवर्गाच्या मोटारीचा इतिहासही इतिहासच आहे. त्याला उसन्या ऐश्वर्याची गरज नाही.

टायर आणि रस्ता यांचा संबंध चार तळहातांएवढ्या जागेपुरता असतो. मोटार किती जुनी, रंग किती चकचकीत, पट्टा किती रुंद, यांपैकी कशाचाही विचार रस्ता करीत नाही. त्या चार तळहातांएवढे रबर ताजे आहे की नाही, यावरच आतल्या माणसांची सुरक्षितता अवलंबून असते. म्हणून ज्याच्यापाशी पैसे मोजके आहेत त्याने ते प्रथम रबरासाठी खर्च करावेत. चार ताजे, योग्य मापाचे काळे टायर घेऊन आपली जुनी गाडी निर्धास्तपणे रस्त्यावर आणणारा मालक हौशी कमी ठरत नाही. पट्ट्यासाठी त्याला पुढच्या वर्षाची वाट पाहता येईल. फुटलेल्या टायरला मात्र दुसरी संधी नसते.